क्षमेचं प्रकरण

संत तुकाराम नगरात माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. जवळच मोठं हॉस्पिटल असल्यामुळे दिवसभर मेडिक्लेमच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला माणसं येत राहतात, घाईतली, झोप न झालेली. त्याखेरीज लग्नाचे बायोडाटा, भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, कंपन्यांतल्या नोकरीचे अर्ज. मराठी टायपिंग शुद्ध करून देते असं माझं आसपास नाव झालं होतं, आणि त्यामुळेच एका ख्रिस्ती मंडळीचं काम माझ्याकडे आलं. आपल्या चर्चच्या सगळ्या माणसांना मिळून ते 'मंडळी' म्हणतात. आधी नाताळची कार्डं आली, मग रविवारच्या उपासनेची पत्रकं, आणि मग पुस्तकं.

पुस्तकं साठ-सत्तर पानांची असायची. कुणा बाईच्या कॅन्सरची हकिगत, कुणाच्या दारूत बुडालेल्या नवऱ्याची, कुणाला खोट्या आरोपाखाली तुरुंगात जावं लागलं त्याची. आमच्या घरात खंडोबा आणि तुळजाभवानी. पण टाइप करायचं तर अक्षर न् अक्षर वाचावं लागतं, त्यामुळे त्यांच्या मंडळीतल्या माणसांपेक्षाही ही पुस्तकं मी जास्त बारकाईने वाचली असतील. त्यांची ठेवण मला पाठ झाली होती. सुरुवातीला संकट, मग रडणं आणि देवाशी भांडण, आणि शेवटची दहा पानं आली की सगळं उजळायचं. गाठ विरघळायची, नवरा बाटली सोडायचा, तुरुंगाचं दार उघडायचं. मला ते खोटं वाटायचं असं नाही. माझी आई गेली त्या महिन्यात मी असंच एक पुस्तक टाइप करत होते आणि त्यातल्या बाईबरोबर दुकानात बसून मीही रडले होते. फक्त, ज्यांचं काही उजळत नाही ती माणसं पुस्तक लिहीत नसावीत, असं मनात यायचं.

मग एक दिवस मावशी आल्या. सत्तरीच्या आसपासच्या, मूळ नगरकडच्या, सगळा जन्म नर्सची नोकरी केलेल्या. साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. पिशवीतून तीन लांब वह्या काढून त्यांनी काउंटरवर ठेवल्या आणि म्हणाल्या, आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी तुझ्याकडे पाठवलंय, पुस्तक छापायचा खर्च मंडळी करणार आहे, आणि माझं अक्षर चांगलं आहे, तुला त्रास होणार नाही. अक्षर खरोखरच सरळ आणि उभं होतं, केसपेपरवर दुसऱ्याला चूक होऊ नये म्हणून लिहितात तसं. रोज चार वाजता येऊन त्या स्टुलावर बसायच्या आणि मी आदल्या दिवशी टाइप केलेली पानं तपासायच्या. आठवडाभरात मी त्यांना मावशी म्हणायला लागले.

त्यांचा एकुलता मुलगा दोन वर्षांपूर्वी गेला होता. सव्वीस वर्षांचा. चाकणकडे निघोज्याजवळच्या एका कंपनीत तो कंत्राटी कामगार होता, प्रेस शॉपमध्ये. पत्र्याला आकार देणारा जो जड लोखंडी साचा असतो, त्याला तिथे डाय म्हणतात. डाय बदलताना तो उचलणारा पट्टा तुटला आणि डाय त्याच्या अंगावर आला. मावशींच्या वहीत कंपनीचं नाव नव्हतं, वकिलाने लिहू नका म्हणून सांगितलं होतं. माझा नवराही निघोज्यातच एका प्रेस शॉपमध्ये शिफ्ट इनचार्ज होता. पण त्या भागात अशा शेडी इतक्या आहेत की माझ्या मनाला काही शिवलंही नाही.

हे पुस्तक आधीच्या पुस्तकांसारखं नव्हतं. पहिल्याच प्रकरणात सांत्वनाच्या भक्तीची, म्हणजे दुःखाच्या घरी जमून करतात त्या प्रार्थनेची हकिगत होती. घरात माणसं दाटीने बसलेली, आणि कुणी तरी मावशींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालं की ही प्रभूची योजना आहे, त्याला तुमच्या मुलाची गरज होती. खाली मावशींनी लिहिलं होतं, 'देवाला वर डाय बदलायला माणूस कमी पडला होता का?'

मी विचारलं, "मावशी, हे ठेवायचं?"

"ठेव," त्या म्हणाल्या आणि पुढचं पान उलटलं.

पोलिसांच्या कागदात एक वाक्य होतं, ते त्यांनी जसंच्या तसं वहीत उतरवलं होतं. सूचना देऊनही मयत स्वतःच्या हलगर्जीपणामुळे डायखाली उभा राहिला. शिफ्ट इनचार्जच्या जबाबावरून ते लिहिलं गेलं होतं, आणि त्यावरच अकस्मात मृत्यू म्हणून फाइल बंद झाली होती. हलगर्जीपणा या एका शब्दावर मावशींनी सात पानं लिहिली होती. मुलगा लहानपणी बुटाची नाडी बांधून पुन्हा एकदा ओढून बघायचा. घरातून निघताना गॅसचं बटण दोनदा तपासायचा. वळणावर कुणी नसलं तरी गाडीचा इंडिकेटर द्यायचा, मित्र त्याला हसायचे. आयुष्यभर मी वॉर्डात नव्या मुलींना हलगर्जीपणा करू नका म्हणून शिकवलं, आणि माझ्याच मुलाच्या कपाळावर तो शब्द लिहून त्याला पुरलं. असं त्यांनी लिहिलं होतं. त्यांना दुसरं काहीच नको होतं, फक्त तो शब्द कागदावरून काढून हवा होता. त्यासाठी त्यांनी अर्ज केले, वकील धरला. वकील म्हणाला होता, तिथल्या कुणी तरी तोंड उघडलं पाहिजे, त्याशिवाय काही होणार नाही.

दुसऱ्या वहीच्या मध्यावर शिफ्ट इनचार्जबद्दलचं प्रकरण आलं. मुलाला ते साहेब फार आवडायचे, घरी येऊन त्यांच्याबद्दल सांगायचा, नाव न घेता नुसतं साहेब म्हणायचा. मराठवाड्यातले होते, कधी चढ्या आवाजात बोलायचे नाहीत. नाताळात मावशींनी त्यांच्या घरी एक निळा डबा भरून करंज्या आणि केक पाठवला होता. पुढे लिहिलं होतं, 'रिकामा डबा परत देऊ नये म्हणून साहेबांच्या बायकोने संक्रांतीला त्यात तिळाच्या पोळ्या भरून पाठवल्या. आम्ही दोघांनी त्या चार दिवस पुरवून खाल्ल्या. तिने त्यात थोडी सुंठ घातली होती.'

सुंठ मी घालते. माझी आई घालायची, म्हणून मी घालते.

स्टुलावर मावशी मागच्या प्रकरणाची पानं तपासत बसल्या होत्या. मी त्यांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि शटर अर्ध्यावर ओढलं. त्या म्हणाल्या, चहा घे आणि पडून राहा, उद्या बघू. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

त्या अपघाताच्या दिवशी नवरा दुपारीच घरी आला होता ते मला आठवलं. अंगावर कुणाचा तरी दुसराच शर्ट होता. एक लेबर गेला, एवढंच म्हणाला आणि कितीतरी वेळ मोरीत बसून राहिला. मी नाव विचारलं नाही. पुढच्या नाताळात मी विचारलं होतं, यंदा त्या मुलाकडचा फराळ नाही आला? तेव्हा तो म्हणाला होता, त्याने नोकरी सोडली.

चार दिवस मी त्याला काही बोलले नाही. मुलगी ताथवड्याला इंजिनिअरिंग कॉलेजात आहे, रविवारी तिचा क्लास असतो. ती गेल्यावर मी गॅलरीत गेले. तो कुकरची शिट्टी खोलून बसला होता. मी म्हटलं, "निळा डबा पाठवणारा तो मुलगा नोकरी सोडून गेला नव्हता."

त्याने मान वर केली नाही. तसंच विचारलं, तुला कुणी सांगितलं? मी सांगितलं की त्याच्या आईचं पुस्तक मी टाइप करतेय. मग तो बोलायला लागला. पट्टा महिनाभर आधीच उसवला होता. त्याने रजिस्टरमध्ये दोनदा नोंद केली होती, कंपनीच्या मालकाला, शेठला, तोंडीही सांगितलं होतं. अपघात झाल्यावर पोलीस यायच्या आत शेठने त्याला केबिनमध्ये बोलावलं. शेठ तिथल्याच जुन्या शेतकरी घरातला, बापजाद्यांच्या जमिनीवर शेड टाकलेला माणूस. त्याने समजावून सांगितलं की शिफ्ट तुझी होती, त्यामुळे गुन्हा दाखल झाला तर पहिलं नाव तुझं येणार. मुलाची चूक होती असा जबाब दिला तर कुणालाच काही होणार नाही, गेलेला तर गेलाच. रजिस्टर तोवर टेबलावरून नाहीसं झालं होतं. मुलीची ॲडमिशन त्याच महिन्यात झाली होती. त्याने सही केली.

"त्याची चूक होती?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला.

यानंतर माझ्या हातून जे झालं ते लिहायला मला अवघड जातं. तिसऱ्या वहीत क्षमेचं प्रकरण होतं. मावशींनी लिहिलं होतं की त्या शिफ्ट इनचार्जचं नाव मी कुणाला विचारलं नाही आणि विचारणार नाही. दोन वर्षं मी त्याला तळतळून शाप दिले, पण माझ्या प्रभूने स्वतःला क्रुसावर खिळणाऱ्यांना क्षमा केली, तर मी कोण? मी त्या माणसाला क्षमा केली आहे, त्याच्या लेकराबाळांचं भलं होवो. हे टाइप करताना मला हायसं वाटलं. मला वाटलं, सुटलो. आता काही सांगायची गरज नाही, तिने तर माफच केलंय. ती पानं मी मोबाइलवर काढून घरी नेली आणि नवऱ्याला वाचायला दिली. त्या दिवशी तो कित्येक दिवसांनी पोटभर जेवला. आठ-दहा दिवस आम्ही दोघं त्या क्षमेवर जगलो. ज्या बाईला माहीतच नाही तिच्याकडून घेतलेली क्षमा. मी रोज चार वाजता तिच्याशेजारी बसत होते, तिचा चहा पीत होते.

मंडळीच्या सेक्रेटरींना ते प्रकरण इतकं आवडलं की ते मुद्दाम दुकानात येऊन सांगून गेले, पुस्तकाचा आत्मा या प्रकरणात आहे. अन्यायाची पानं जरा कमी करा, पण हे शेवटी येऊ द्या, वाचणाऱ्याला आशा मिळाली पाहिजे. ते गेल्यावर मावशी प्रूफ हातात धरून तशाच बसून राहिल्या. मग त्यांनी मला विचारलं, आपल्याच मनाशी बोलावं तसं.

"त्याच्या बायकोला माहीत असेल का गं? पोळ्या पाठवणारीला?"

मी की-बोर्डवरचे हात काढून मांडीत घेतले. म्हटलं, "मावशी, पोळ्या मी पाठवल्या होत्या."

त्यांना एकदम कळलं नाही. मग कळलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी नवऱ्याने सांगितलेलं सगळं सांगायला लागले तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. एवढंच विचारलं, "तुला कधीपासून ठाऊक?" मी खरं सांगितलं. त्यांनी तीनही वह्या पिशवीत भरल्या, प्रूफही घेतलं, आणि पायरीवरून कठडा धरून उतरत निघून गेल्या.

तीन आठवडे त्या आल्या नाहीत. मी दोनदा त्यांच्या इमारतीपर्यंत गेले आणि परत आले. एकदा सेक्रेटरी भेटले, म्हणाले, तुमच्या मावशी उपासनेलाही येत नाहीत, तब्येत बरी नसेल. चौथ्या आठवड्यात नेहमीच्या वेळेला त्या दारात उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत. म्हणाल्या, क्षमेचं प्रकरण काढून टाक.

मी फाइल उघडली, पण हात चालेना. त्या म्हणाल्या, "ते मी खोटं लिहिलं नव्हतं. पण तेव्हा त्याला चेहरा नव्हता. आता त्याला चेहरा आहे, घर आहे, बायको माझ्यासमोर बसलीय. आता मला जमत नाही. जे जमत नाही ते छापायचं नाही."

मी ती पानं पुसली. त्या शेजारी उभ्या राहून बघत होत्या. सेक्रेटरींना कळलं तेव्हा ते दोन वेळा त्यांच्या घरी गेले, मग पाळकसाहेब गेले. क्षमेशिवाय मंडळीच्या नावाने पुस्तक काढता येणार नाही असं त्यांनी मऊपणाने सांगितलं. मावशी म्हणाल्या, मग नका काढू.

घरी जाऊन मी नवऱ्याला सांगितलं, तुमचं प्रकरण पुस्तकातून काढलं. दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टवरून आल्यावर त्याने आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला आणि म्हणाला, मला त्यांच्याकडे घेऊन चल.

मावशींच्या दोन खोल्या तिसऱ्या मजल्यावर होत्या. भिंतीवर मुलाचा फोटो, शाळेच्या गणवेशातला. त्यांनी दार उघडलं, त्याच्याकडे बघितलं आणि बाजूला सरल्या. बसा म्हणाल्या नाहीत. तो उभाच राहिला आणि मी त्याच्यामागे. त्याने सगळं सांगितलं, पट्टा, रजिस्टर, केबिन, सही. आणि मग मला न सांगितलेलं एक सांगितलं. जेवणाची सुट्टी झाली होती आणि मुलगा म्हणाला होता, साहेब, पट्टा बघा, जेवून आल्यावर दुसरा मागवू. माल वेळेत जायचा होता. "मीच म्हणालो, एवढा डाय बसव राव, मग जेवायला जा."

मावशींनी टेबलाची कड धरली. बाहेर खालच्या रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. मग त्यांनी नर्सच्या आवाजात विचारलं, किती वेळ जिवंत होता?

"दहा मिनिटं असंल."

"शुद्ध होती?"

"होती. बोलत होता."

"काय म्हणाला?"

तो सांगेना. त्यांनी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "डबा गाडीलाच अडकवलाय म्हणाला. उन्हात आंबेल, म्हणाला."

मावशी आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. आम्ही तसेच उभे राहिलो. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा धुतलेला होता. त्यांनी टेबलावर कागद आणि पेन ठेवलं. "बसा," त्या पहिल्यांदा त्याला म्हणाल्या. "आत्ता बोललात ते लिहा. शेवटचंही लिहा."

त्याने लिहिलं. प्रतिज्ञापत्र मी टाइप केलं. आजवर कितीतरी लोकांची प्रतिज्ञापत्रं मी टाइप केली होती, 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे' हे वाक्य माझी बोटं आपोआप मारतात. त्या दिवशी ते मी सावकाश टाइप केलं. नोटरीकडे आम्ही तिघं गेलो. वकिलाने ते कोर्टात लावलं.

चार दिवसांनी कंपनीच्या गेटवर नवऱ्याचं कार्ड चालेना. त्याच आठवड्यात शेठ आमच्या घरी आला. पांढरा शर्ट, हातात दोन फोन, दारात चप्पल काढून आत आला, पाणी प्यायला. आवाज चढवला नाही. मला म्हणाला, "वहिनी, आमी वाईट मान्सं न्हाई. मान्सानं जगायचं का तत्त्व धरून बसायचं? कागद माघारी घ्यायला सांगा यास्नी. न्हाईतर पुढचं माझ्या हातात न्हाई." नवरा म्हणाला, घेणार नाही. शेठने मान हलवली, जणू एखाद्याला असाध्य रोग झाल्याचं ऐकलं असावं, आणि चप्पल घालून गेला.

पुढचं खरंच त्याच्या हातात नव्हतं, किंवा होतं, मला सांगता येत नाही. तपास पुन्हा झाला. पोलिसांनी नवऱ्याला दोनदा बोलावून दिवस दिवस बसवून ठेवलं. रजिस्टर सापडलं नाही. पट्ट्याची तक्रार शेठपर्यंत पोचली होती याला कागद नव्हता आणि दुसरा कुणी साक्षीदार बोलला नाही. जे कामगार तेव्हा तिथे होते त्यातले निम्मे गावाला गेले होते, उरलेल्यांनी आपण कँटीनला होतो म्हणून सांगितलं. दोषारोपपत्र आलं तेव्हा त्यात एकच आरोपी होता. शिफ्ट इनचार्ज खराब पट्ट्याने काम करायला लावून हलगर्जीपणाने मृत्यूस कारण ठरल्याचं लिहिलं होतं. पुरावा म्हणून त्याचंच प्रतिज्ञापत्र जोडलं होतं.

तो शब्द त्यांनी मुलाच्या नावापुढून काढला आणि माझ्या नवऱ्याच्या नावापुढे लिहिला. बाकी कुणाच्याच नावापुढे नाही.

मुलीने त्या दिवशी बापाला विचारलं, तुम्ही हे का केलंत? तिचा राग खरा होता. कॉलेजात कुणाला कळेल याची तिला भीती वाटत होती. माझ्या सासरच्या माणसांनी फोन उचलणं कमी केलं. जामीन झाला, पण नोकरी कुठेच मिळेना. केस चालू असलेल्या माणसाला कोण ठेवणार? त्याने एका ओळखीच्याची व्हॅन चालवायला घेतली, सकाळी शाळेची मुलं आणि दुपारी काही मिळेल ते.

दोषारोपपत्राची प्रत घेऊन मावशी दुकानात आल्या. झेरॉक्सला गर्दी होती, ती ओसरेपर्यंत स्टुलावर बसून राहिल्या. मग कागद माझ्यासमोर सरकवला. म्हणाल्या, "मी दोन वर्षं गुडघ्यांवर बसून मागितलं ते मिळालं. माझ्या मुलाचं नाव स्वच्छ झालं. पण मी हे मागितलं नव्हतं."

मी म्हटलं, त्यांची चूक होतीच ना मावशी.

"होती," त्या म्हणाल्या. "ती मी विसरणार नाही. पण पट्टा त्याने विकत घ्यायचा नव्हता." मग म्हणाल्या, फाइल उघड, पुस्तक संपलेलं नाही.

तोवर त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता, लिहिता येत नव्हतं. त्या सांगत गेल्या आणि मी टाइप करत गेले. शेठबद्दल सांगितलं, हरवलेल्या रजिस्टरबद्दल, कँटीनला गेलेल्या साक्षीदारांबद्दल. खरं बोलणारा एकटाच कसा सापडतो त्याबद्दल सांगितलं. त्यात देवाला उद्देशून काही वाक्यं होती, ती मी तशीच ठेवली आहेत. इतकी वर्षं मी मंडळीच्या पुस्तकांतली देवाशी भांडणं टाइप केली, पण भांडून झाल्यावरही त्याच्याच दारात बसून राहिलेलं माणूस मी पहिल्यांदा बघत होते. त्या पुन्हा रविवारी उपासनेला जायला लागल्या होत्या. मागच्या बाकावर बसतात, गाणी म्हणत नाहीत.

शेवटचं प्रकरण आलं तेव्हा मी माझ्या सवयीने विचारलं, आशेचं काय लिहायचं? आधीच्या सगळ्या पुस्तकांना असायचं.

त्यांनी पुष्कळ विचार केला. "आशा आहे की नाही ते मला सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "मी तारखेला जाते. एवढं लिही."

मी एवढं लिहिलं.

मंडळीने पुस्तक काढलं नाही, पण पाळकसाहेबांनी स्वतःसाठी एक प्रत मागून घेतली. बाकीच्या प्रती आम्ही दुकानातच काढल्या, स्पायरल बाइंडिंग करून. काउंटरच्या कोपऱ्यात ठेवलेल्या असतात. हॉस्पिटलचे कागद घेऊन आलेलं कुणी तरी झेरॉक्स निघेपर्यंत चाळतं, कुणी घेऊन जातं. चाकणकडची एक बाई आली होती, तिच्या नवऱ्याची चार बोटं प्रेसमध्ये गेली होती. उभ्या उभ्या तिने बरीच पानं वाचली आणि विचारलं, यांचा निकाल लागला का? मी नाही म्हटलं. तिने प्रत पिशवीत ठेवली.

कोर्ट राजगुरुनगरला आहे. तारखेला आम्ही व्हॅनने जातो आणि मावशीही आमच्याच व्हॅनमध्ये येतात, मागच्या सीटवर माझ्याशेजारी. पहिल्या वेळी मी आमच्याबरोबर येता का म्हणून विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, बसने जायला गुडघे दुखतात. कोर्टात तो आरोपीच्या जागी उभा राहतो आणि त्या समोरच्या बाकावर बसतात. कामापलीकडे त्या त्याच्याशी बोलत नाहीत. क्षमा हा शब्द दोघांनीही पुन्हा काढलेला नाही.

गेल्या तारखेला जज्जसाहेब रजेवर होते, पुढची तारीख घेऊन आम्ही परत निघालो. चाकणच्या चौकात नेहमीसारखं ट्रॅफिक तुंबलं होतं, कंटेनरच्या मागे कंटेनर. तिथून सुटून निघोज्याकडे वळणाऱ्या फाट्याजवळ आलो तेव्हा नवऱ्याने गाडी कडेला घेऊन उभी केली. आरशात न बघता म्हणाला, "मावशी, ती जागा बघायची असली तर हितून जवळ आहे. आत सोडणार नाहीत, पण गेटपर्यंत जाता येईल."

मावशी त्या रस्त्याकडे बघत राहिल्या. शिफ्ट सुटली होती आणि डोक्याला रुमाल बांधलेली तरणी माणसं घोळक्याने फाट्याकडे चालत येत होती.

"आज नको," त्या म्हणाल्या. "पुढच्या तारखेला बघू."

त्याने गिअर टाकला आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.